पदकाच्या कडेवर नाव नसतं तेव्हा

आमच्या साताऱ्याकडच्या घरात, फडताळाच्या तळाला, एक पत्र्याचा डबा आहे. त्यात पणजोबांचं चांदीचं पदक. एका बाजूला पाचव्या जॉर्जचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला नग्न पुरुष. घोड्याच्या टापांखाली प्रशियाच्या गरुडाची ढाल तुडवली जातेय, खाली कवटी आणि हाडं. १९१४ आणि १९१८ हे दोन आकडे. भिंग घेऊन पदकाची कड उजेडात फिरवली, की बारीक इंग्रजी अक्षरं दिसतात: नंबर, हुद्दा, नाव, मराठा पलटण. शंभर वर्षं झाली, हातांनी घासून घासून काही अक्षरं बुजली, पण नाव वाचता येतं.

घरात या पदकाची गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. मेसोपोटेमियात पणजोबांनी एकट्यानं तुर्कांचा मोर्चा घेतला आणि साहेबानं खूश होऊन हे गळ्यात घातलं. आजी हे सांगताना तिचा आवाज बदलायचा. मीही शाळेत हेच सांगितलं. पुढं वाचत गेल्यावर कळलं, की हे शौर्यपदक नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूनं लढाईवर गेलेल्या लाखो लोकांना ते सरसकट मिळालं. मी हे घरात बोललो तेव्हा थोरले काका ताटावरून उठले. म्हणाले, "चार बुकं शिकलास म्हणून थोरल्यांना खोटं पाडतोस व्हय रं?"

काकांना मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. पुढं दुसऱ्या एका देशातला, दुसऱ्या एका युद्धाचा वाद वाचताना ते उत्तर हळूहळू जुळत गेलं. तो वाद आहे जर्मन सैन्याच्या सन्मानचिन्हांचा, आणि त्यातही 'नाइट्स क्रॉस'चा, म्हणजे जर्मनांच्या रिटरक्रॉइत्सचा. हा सन्मान खरोखर कोणाला मिळाला आणि कोणाचा दावा नुसता दावाच आहे, यावर जर्मनीत अनेक दशकं भांडण चाललं. माझं या बाबतीतलं मत पक्कं आहे. ज्याचा दावा, पुरावा त्यानं द्यायचा. पुरावा म्हणजे सन्मान देणाऱ्या यंत्रणेचा त्या वेळचा कागद. तो नसेल तर नाव यादीत जाऊ नये, मग दावा करणारा कितीही मोठा असो आणि त्याच्या बाजूनं साक्ष देणारे कितीही असोत.

लोखंडी क्रॉस हा मूळचा प्रशियाचा. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात, १८१३ साली, राजा तिसऱ्या फ्रीडरिश विल्हेल्मनं तो सुरू केला. पुढं १८७० आणि १९१४ च्या युद्धांत त्याचं नूतनीकरण झालं. १ सप्टेंबर १९३९ ला, पोलंडवर हल्ला झाला त्याच दिवशी, हिटलरनं तो पुन्हा सुरू केला आणि त्यात गळ्यात घालायचा एक नवा वर्ग घातला. तोच नाइट्स क्रॉस. त्यावर पुढं ओकची पानं, मग तलवारी, मग हिरे अशा पायऱ्या चढत गेल्या.

हा क्रॉस जवळून पाहिला तर काळ्या लोखंडाचा गाभा, भोवती चांदीची दातेरी कड, मधे स्वस्तिक, खालच्या बाहूवर १९३९. मागं चांदीचा कस सांगणारा ८०० चा शिक्का आणि कधी कारखान्याचा नंबर. बस. ज्याला मिळाला त्याचं नाव कुठंच नाही. आमच्या पणजोबांसारख्या साध्या शिपायाच्या पदकाच्या कडेवर नाव आहे, आणि जर्मन सैन्यातल्या सर्वांत मिरवलेल्या या चिन्हावर नाही. त्यात युद्धानंतर काही कारखान्यांनी जुन्याच साच्यांतून हे क्रॉस पाडले, शिवाय नकलाकारांनी पाडले ते वेगळेच. नेताजींनी जर्मनीत असताना आझाद हिंदची जी पदकं सुरू केली, ती व्हिएन्नाच्या सुवाल या कारखान्यात घडली. त्यांचीही पुढं हीच गत झाली, आणि आज ती हातात आली तर ती कोणाच्या छातीवर होती हे धातू सांगत नाही. तेव्हा घरात क्रॉस आहे, आजोबांचा क्रॉस घातलेला फोटो आहे, यानं काही सिद्ध होत नाही. क्रॉस मिळाला की नाही हे ठरतं कागदावर.

आणि कागद भरपूर असायचे. बटालियन किंवा रेजिमेंट शिफारस लिहायची. ती डिव्हिजन, कोअर, आर्मी, आर्मी ग्रुप अशी वर चढायची आणि प्रत्येक टप्प्यावरचा सेनापती आपला शेरा मारायचा. लष्कराच्या कार्मिक कार्यालयात तिची छाननी व्हायची आणि शेवटचा निर्णय हिटलरचा. निर्णय झाला की नोंद व्हायची, तारायंत्रानं कळवलं जायचं, आधी तात्पुरतं प्रमाणपत्र निघायचं, सैनिकाच्या पगारपुस्तकात सन्मानाच्या पानावर शाईनं नोंद पडायची. इतक्या ठिकाणी खूण उमटणाऱ्या गोष्टीचा एकाही ठिकाणी माग लागत नसेल, तर शंका घेणं हे वाचकाचं कर्तव्यच आहे.

खरा गुंता आहे तो १९४५ च्या एप्रिल आणि मे महिन्यांतला. आघाडी कोसळत होती, कार्यालयं पळत होती, कागद पोत्यांत भरून हलवले जात होते किंवा जाळले जात होते. वादात सापडलेले बहुतेक दावे याच काळातले आहेत. बर्लिनमध्ये श्टाटमिटे या भुयारी रेल्वेच्या स्थानकात, उभ्या असलेल्या डब्यात, मेणबत्तीच्या उजेडात २९ एप्रिलला हिटलरच्या पक्षाच्या एसएस या सशस्त्र दलातल्या एका फ्रेंच स्वयंसेवकाच्या गळ्यात जनरल क्रुकेनबर्गनं नाइट्स क्रॉस घातला, असं सांगितलं जातं. दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही. पण वेढलेल्या शहरातून शिफारस बाहेर कोणत्या मार्गानं गेली आणि मंजुरी कुठून आली? बर्लिनच्या त्या शेवटच्या दिवसांतल्या फ्रेंच दाव्यांवर संशोधकांनी प्रश्नचिन्ह लावलं ते याचसाठी. सेनापतीनं गळ्यात घालणं आणि अधिकारानं मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

"त्या गडबडीत कागद कोण बघत होतं?" असं लोक म्हणतात. कोणी तरी बघत होतं. लेफ्टनंट जनरल एर्न्स्ट मायसेल हा कार्मिक कार्यालयातला अधिकारी. ऑक्टोबर १९४४ मध्ये हिटलरच्या हुकमानं फील्डमार्शल रोमेलच्या घरी विषाची कुपी घेऊन जे दोन जनरल गेले, त्यांतला हा दुसरा. एप्रिल १९४५ च्या अखेरीस नाइट्स क्रॉस मंजूर करण्याचे अधिकार त्याच्याकडे आले होते. ३० एप्रिलला, म्हणजे हिटलरनं ज्या दिवशी आत्महत्या केली त्या दिवशी, मायसेलनं ३३ क्रॉस मंजूर केले, २९ शिफारशी फेटाळल्या आणि ४ पुढं ढकलल्या. राज्य बुडत असताना एक माणूस टेबलाशी बसून शिफारशी वाचत होता आणि जवळजवळ निम्म्या नाकारत होता.

माझ्या दृष्टीनं या सगळ्या वादात हा आकडा सर्वांत मोलाचा. वादग्रस्त दाव्यांच्या बाजूनं जो युक्तिवाद नेहमी होतो तो असा: शिफारस गेली होती, वरच्यांनी अनुकूल शेरा मारला होता, युद्ध आणखी आठ दिवस चाललं असतं तर मंजुरी आलीच असती, तेव्हा मिळाल्यातच जमा. ३० एप्रिलचा दिवस सांगतो की तसं नव्हतं. शिफारस ही शिफारसच होती. ती फेटाळली जायची, आणि शेवटच्या दिवसापर्यंत फेटाळली जात होती.

यावर तोड म्हणून पुढं केला जातो तो अ‍ॅडमिरल ड्योनित्सचा आदेश. हिटलरनंतर राष्ट्रप्रमुख झालेल्या ड्योनित्सनं ७ मेच्या आदेशानं, वरच्या पातळीपर्यंत अनुकूल शेऱ्यानिशी पोचलेल्या सगळ्या शिफारशी एका फटक्यात मंजूर केल्या, असं त्याच्या आधारे मांडलं जातं. बर्लिनचं जे सरकारी कार्यालय माजी सैनिकांच्या नोंदी सांभाळत होतं, त्यानं १९७० मध्ये याचा निकाल लावला. प्रत्येक शिफारशीची स्वतंत्र छाननी हा नियमच होता, सरसकट मंजुरीला त्यात जागा नव्हती, म्हणून असा आदेश बेकायदा. मला हा निकाल पटतो, आणि तो केवळ कायद्याच्या बारकाव्यासाठी पटतो असं नाही. शौर्याचा सन्मान हा एका माणसानं एका ठिकाणी, एका दिवशी केलेल्या कृत्यासाठी असतो. ते कृत्य कोणी वाचलंच नाही, नुसता गठ्ठा मंजूर केला, तर मिळालं ते काय? गठ्ठ्यातली जागा.

युद्धानंतर याद्या कोणी केल्या हा प्रश्न यापुढचा. नाइट्स क्रॉसधारकांनी १९५० च्या दशकात स्वतःची संघटना काढली. १९५७ च्या जुलैत पश्चिम जर्मनीनं पदकांचा कायदा केला आणि स्वस्तिक काढून टाकलेल्या रूपात जुनी चिन्हं वापरायला परवानगी दिली. हक्क नसताना पदक लावणं हा गुन्हा ठरला. म्हणजे हक्क कोणाचा हे ठरवायची गरज निर्माण झाली. व्यवहारात ते बहुतांशी संघटनेनंच ठरवलं. तिच्या पडताळणीचं काम वाल्टर-पेअर फेलगीबेल यांच्याकडे होतं. ते स्वतः क्रॉसधारक. त्यांचे वडील जनरल एरिश फेलगीबेल हिटलरच्या हत्येच्या २० जुलै १९४४ च्या कटात होते आणि त्यांना फाशी झाली. तेव्हा हा माणूस नाझींच्या प्रेमात होता, असं कोणी म्हणू नये. पण १९८६ मध्ये त्यांनी छापलेली यादी ही आपल्या सोबत्यांची, आपल्याच टेबलाभोवती बसणाऱ्यांची यादी होती. संघटनेनं धरलेला आकडा ७,३०० च्या वर जातो. दहा वर्षांनी त्यांनी स्वतःच ११ नावं काढली, ही गोष्ट त्यांच्या प्रामाणिकपणाच्या खात्यात जमा करायला हवी.

मग आला फाइट शेर्त्सर. या संशोधकानं २००५ ते २००७ च्या सुमारास सरकारी अभिलेखागारातले मूळ कागद एकेका नावासाठी तपासले आणि संघटनेच्या यादीतली १९३ नावं शंकास्पद ठरवली. कागदांच्या आधारानं पक्की ठरतात ती ७,१६१ नावं, आणि त्यात संघटनेच्या नजरेतून निसटलेलं एक नावही निघालं. ते एक नाव मला फार महत्त्वाचं वाटतं. पडताळणी म्हणजे नुसती कात्री नव्हे हे त्या एका नावानं दाखवलं. ज्याच्या बाजूनं बोलायला कोणी नव्हतं, त्याच्या बाजूनं कागद बोलला.

संघटनेच्या कामातली सर्वांत खटकणारी गोष्ट ही, की काही वादग्रस्त सन्मानांना तारीख आणि अनुक्रमांकसुद्धा संघटनेनंच दिले, तेही युद्ध संपून कित्येक वर्षांनी. ओकची पानं आणि तलवारी यांना मूळ यंत्रणा अनुक्रमांक देत असे. तो आकडा पाहिला की वाचक गृहीत धरतो, की तेव्हाच्या वहीत ही नोंद आहे. वहीत नव्हती. एसएसच्या 'डेर फ्युरर' रेजिमेंटचा ओटो वायडिंगर याच्या तलवारी घ्या. त्याच्या वरच्या आर्मीचा सेनापती सेप डीट्रिश यानं ६ मे १९४५ ला त्या दिल्या असं सांगितलं जातं, अभिलेखागारात पुरावा नाही. गुंथर-एबरहार्ट विस्लिसेनी याचंही तेच. आर्मीच्या सेनापतीला अशा तलवारी वाटायचा अधिकार नव्हता. तरी नंतरच्या पुस्तकांत दोघांच्या नावापुढं तलवारी लागल्या आणि एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत राहिल्या.

यात काय बिघडलं, असं कोणी विचारेल. एका मेलेल्या माणसाच्या नावापुढं एक चिन्ह जास्त. बिघडतं ते असं. वायडिंगरच्या याच 'डेर फ्युरर' रेजिमेंटच्या एका बटालियननं १० जून १९४४ ला फ्रान्समधलं ओरादूर-सुर-ग्लान हे गाव संपवलं. पुरुषांना गोळ्या घातल्या, बायका-मुलांना चर्चमध्ये कोंडून आग लावली. सहाशेहून जास्त माणसं गेली. वायडिंगर त्यानंतर काही दिवसांनी रेजिमेंटचा प्रमुख झाला, तेव्हा ओरादूरचा हुकूम त्याचा नव्हता. पण युद्धानंतर त्यानं रेजिमेंटची बाजू मांडणारं लेखन केलं. असं लेखन वाचणाऱ्याच्या मनात लेखकाच्या नावापुढच्या तलवारी साक्षीदाराचं वजन वाढवतात. न मिळालेल्या सन्मानानं वजन वाढलेला साक्षीदार ओरादूरविषयी बोलत असेल, तर तो सन्मान तपासणं हे त्या गावातल्या मेलेल्यांचं देणं आहे.

म्हणूनच "नाझींची पदकं, खरी काय आणि खोटी काय, फेका कचऱ्यात" हे म्हणणं मला मान्य नाही. ऐकायला ते नैतिक वाटतं, पण त्यानं मैदान दंतकथा रचणाऱ्यांना मोकळं मिळतं. खुद्द हिटलरच्या पदकाचंच बघा. त्याला पहिल्या वर्गाचा लोखंडी क्रॉस ४ ऑगस्ट १९१८ ला मिळाला. नाझी राजवटीत मुलांना गोष्ट शिकवली गेली, की त्यानं एकट्यानं शत्रूचे कितीतरी सैनिक पकडून आणले. उलट विरोधकांपैकी काहींनी पदकच खोटं ठरवायचा प्रयत्न केला. बव्हेरियाच्या सैन्याचे कागद म्युनिकला होते म्हणून वाचले, आणि त्यांतून दोन्ही बाजू उघड्या पडल्या. पदक खरं होतं. कृत्य गोष्टीतलं नव्हतं, निरोप्याच्या कामासाठी शिफारस झाली होती. आणि त्या शिफारशीमागं होता रेजिमेंटचा अ‍ॅड्ज्युटंट ह्यूगो गुटमान, एक ज्यू अधिकारी. त्याच गुटमानला पुढं हिटलरच्या राज्यातून पळून अमेरिकेत नाव बदलून राहावं लागलं. पदक कचऱ्यात फेकलं असतं तर हे कसं कळलं असतं? प्रशियाच्या सैन्याचे पॉट्सडॅमला ठेवलेले कागद मात्र १४ एप्रिल १९४५ च्या बॉम्बफेकीत जळाले, आणि पहिल्या महायुद्धातल्या असंख्य प्रशियन सैनिकांबद्दल असं खात्रीनं काही सांगण्याची वाटच बंद झाली.

आता खरा आक्षेप. तो हलका नाही, आणि आपल्या मराठी मुलखाला तो नेमका कळतो. कागद मागणारा नेहमी न्यायी असतोच असं नाही. कंपनी सरकारनं एकोणिसाव्या शतकात इनाम कमिशन बसवलं. सनद दाखवा, नाही तर इनाम गेलं. सनदा वाळवीनं खाल्ल्या होत्या, लुटीत गेल्या होत्या, भाऊबंदकीत एकाच्या पेटीत अडकल्या होत्या. कागद नाही म्हणून हजारो घरांची इनामं खालसा झाली आणि त्या जखमेची सल १८५७ च्या असंतोषात दिसली. ज्यानं कागद जाळला किंवा जळू दिला त्याच्याच हातात तराजू असेल, तर 'पुरावा आण' हे म्हणणं जुलूम होतं.

त्याहून भयंकर उदाहरण जर्मनीतलंच आहे. पहिल्या महायुद्धात सुमारे १ लाख जर्मन ज्यू सैन्यात होते, त्यांतले सुमारे १२ हजार मेले. तरी १९१६ मध्ये, युद्ध चालू असतानाच, ज्यू लोक आघाडीवर जायचं टाळतात का हे बघायला सैन्यानं त्यांची खास गणना केली, आणि निकाल जाहीर न करता संशय तसाच लोंबकळत ठेवला. युद्धानंतर ज्यू माजी सैनिकांच्या संघटनेनं मेलेल्यांची यादी केली. नाव, गाव, जन्मतारीख, रेजिमेंट, मृत्यूचा दिवस, सगळं अधिकृत नोंदींवरून ताडून. १९३२ मध्ये १० हजारांहून जास्त नावांचं ते पुस्तक राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गला दिलं गेलं. एकाही नावावर कोणाला बोट ठेवता येऊ नये म्हणून ही मेहनत. पुढल्या वर्षी ज्यूंना सरकारी नोकरीतून काढणारा कायदा आला, त्यात आघाडीवर लढलेल्यांना सूट होती, आणि लोक जुनी प्रमाणपत्रं शोधू लागले. ती सूट दोन वर्षांत गेली. २० जानेवारी १९४२ च्या, ज्यूंच्या संहाराची आखणी करणाऱ्या वानझे बैठकीच्या टिपणात पहिल्या वर्गाचा लोखंडी क्रॉस मिळालेल्या ज्यूंना थेरेझिएनश्टाटच्या छावणीत पाठवायचं असं लिहिलंय. म्हणजे पदकाच्या कागदावर माणूस कोणत्या गाडीत चढणार हे ठरलं. त्यांतल्या कित्येकांना थेरेझिएनश्टाटहून पुढं आउशवित्सच्या मृत्युछावणीत नेलं.

त्या टिपणाचं वाक्य वाचल्यावर कागदावरचा माझा विश्वास काही दिवस डळमळला होता. मग फरक लक्षात आला. इनामदाराची भाकरी पणाला होती, ज्यू सैनिकाचा जीव. तिथं संशयाचा फायदा माणसालाच मिळायला हवा, कागद असो वा नसो. नाइट्स क्रॉसच्या वादात पणाला काय आहे? पुस्तकातल्या नावापुढचं एक चिन्ह आणि त्याच्या आधारावर उभा राहणारा बडेजाव. नाव काढल्यानं कोणाचं घर बसत नाही. उलट न काढल्यानं इतिहास वाचणारा फसतो. आणि ज्यू सैनिकांच्या त्या यादीनं जो दंडक स्वतःला लावला, एकेक नाव ताडून घेण्याचा, तोच या क्रॉसधारकांनी स्वतःला लावला असता तर शेर्त्सरला काम उरलं नसतं.

आपल्याकडं इतिहासाचार्य राजवाडे यांनी हे कधीच सांगून ठेवलंय, की एक अस्सल चिठोरं साऱ्या बखरींना भारी पडतं. बखरकार खोटारडे होते असं त्यांना म्हणायचं नव्हतं. बखर वेगळ्या हेतूनं लिहिली जाते: धन्यासाठी, घराण्यासाठी, ऐकणाऱ्याची छाती फुगावी म्हणून. सोबत्यांनी सोबत्यांसाठी केलेली यादी ही बखरच. ती वाचावी, जपावीही, पण दप्तर म्हणून वापरू नये.

दुसऱ्या बाजूचे आपले लोक बघा. इटलीत जर्मनांशी लढताना मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात एकटे उरले असताना मशिनगनच्या मोर्च्यावर धावून गेले आणि तिथंच पडले. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीच्या बांधावर जखमींना पाण्यातून, सुरुंगांतून पाठीवर वाहून आणलं आणि मग परत फिरून मोर्चे बंद केले. दोघांचीही मानपत्रं राजपत्रात छापली आहेत, जागा, दिवस आणि कृत्यासकट. ज्याला शंका असेल त्यानं काढून वाचावीत. घाडग्यांचं स्मारक २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावात उभं राहिलं, आणि ते उभारताना कोणाला कोणाच्या शब्दावर विसंबावं लागलं नाही.

आणखी एक घोटाळा दूर करायला हवा. दावा खरा ठरला म्हणजे माणूस आदरणीय ठरला, असं नाही. लढाऊ वैमानिक वेर्नर म्योल्डर्सचा क्रॉस, त्यावरचे हिरे, सगळं पक्कं आहे. तरी स्पेनच्या यादवी युद्धात हिटलरनं फ्रँकोच्या मदतीला पाठवलेल्या कोंडोर लीजनमधून लढल्यामुळं जर्मन सैन्यानं २००५ मध्ये त्याचं नाव बराकीवरून आणि हवाई दलाच्या तुकडीवरून काढलं. १९९९ पासून जर्मन सैन्यानं क्रॉसधारकांच्या संघटनेशी अधिकृत संबंधही तोडले. सन्मान मिळाला का, हा अभिलेखागाराचा प्रश्न. त्या माणसाचा सन्मान आज करायचा का, हा समाजाचा. पहिल्याचं उत्तर चोख असेल तरच दुसऱ्यावर शहाण्यासारखं बोलता येतं.

यादीत मला दोन रकाने पुरेसे वाटत नाहीत. 'मिळाला' आणि 'नाही मिळाला' यांच्या मधे तिसरा रकाना हवा: दावा आहे, कागद नाही. शेर्त्सरनं १९३ जणांना खोटारडं म्हटलेलं नाही. काहींच्या सेनापतीनं खरोखरच गळ्यात काही तरी घातलं असेल, आणि त्या पोराला शेवटपर्यंत वाटलं असेल की हे आपलं आहे. तेही लिहावं. पण अनुक्रमांक देऊ नये, तारीख रचू नये, आणि पुढच्या पुस्तकवाल्यानं तो रकाना गाळून नाव वरच्या यादीत ढकलू नये. माजी सैनिकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या बर्लिनच्या त्या कार्यालयातली कोट्यवधी कार्डं आता २०१९ पासून जर्मन संघीय अभिलेखागाराकडं आहेत. शोध घेणाऱ्या कुटुंबाच्या हाती कागद आला नाही, तर ती गोष्टही तितक्याच नीट जपून ठेवावी.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा डबा उघडून पदकाखाली ठेवायला मी एक चिठ्ठी लिहिली. 'ब्रिटिश युद्धपदक, १९१४–१८. लढाईवर गेलेल्या सर्वांना मिळालेलं. मेसोपोटेमियातल्या शौर्याची गोष्ट घरात सांगितली जाते, तिचा कागद सापडला नाही.' काकांना दाखवली. त्यांचं वय आता ब्याऐंशी. चष्मा लावून त्यांनी ती दोनदा वाचली, बराच वेळ हातात धरली आणि म्हणाले, "सापडला नाही असं नगं लिहू. अजून सापडला नाही, असं लिही."

मी 'अजून' हा शब्द वरच्या बाजूला काकपद देऊन घातला आणि चिठ्ठी डब्यात ठेवली.